पाववाल्याचं इंजिन

डेलमर कूलमनचा जुना पिकअप घराकडे निघाला की तो दिसायच्या कितीतरी आधी आर्लिसला ऐकू यायचा. नेब्रास्कातल्या त्या वाळूच्या टेकड्यांवर आवाज अडवायला गवताखेरीज दुसरं काही नाही. त्यात आठ सिलिंडरचं ते थोराड इंजिन, मधोमध गंजून भोक पडलेला सायलेन्सर आणि वर डेलमरचा जड पाय. शेवटच्या टेकडीमागून आवाज आला की आर्लिस बटाटे उकळत टाकायची, आणि तो गेटं लावून, हात धुऊन टेबलाशी बसेपर्यंत ते शिजलेले असायचे. इतक्या वर्षांच्या संसारात घड्याळाकडे बघून तिने स्वयंपाक फारसा केलाच नव्हता.

हा आवाज ओळखणारी ती एकटी नव्हती. हिवाळाभर हाच पिकअप बर्फातून पेंडीच्या कांड्या घेऊन कुरणात जायचा, त्यामुळे गाईंच्या लेखी तो आवाज म्हणजे जेवणाची घंटा. त्या कुठेही असोत, आवाज आला की दुडक्या चालीने हजर. सगळ्यांच्या पुढे एडिथ. एडिथ ही लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची म्हातारी गाय. तिचं नाव डेलमरच्या आत्यावरून ठेवलं होतं, कारण आत्याही बोलावल्याशिवाय कुठे जायची नाही आणि बोलावलं की सगळ्यांच्या आधी पोचायची. शेजारपाजारचे लोक घोड्यांवर बसून, कुत्री सोडून, घसा खरवडून अर्धा दिवस गाई गोळा करत. डेलमर नुसता पिकअप घेऊन कुरणात जायचा आणि परत यायचा. बँडमागे वरात चालावी तशा गाई त्याच्यामागे गुरांच्या वाड्यात शिरायच्या. त्या पिकअपचा भोंगा कित्येक वर्षं बंद होता. दुरुस्त करायची कधी गरजच पडली नाही.

मार्चमध्ये डेलमरचा खुबा बदलला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, घोडा बंद, कायमचा. आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी मुलगी मार्ला आली.

मार्ला कार्नी शहरात दातांच्या दवाखान्यात काम करायची. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायची सवय तिला तिथेच लागली, असं डेलमर म्हणायचा. तिने आल्या आल्या टेबलावर एका घराचे फोटो मांडले. तळमजला, दोन खोल्या, पायऱ्या नाहीत, तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

"डॅड, गाई विक आता," ती म्हणाली. "घोड्यावर तुला बसता येत नाही. गाई गोळा कोण करणार?"

"माझ्या गाईंना घोडा लागत नाही."

"बरं. आणि तो पिकअप? गॅलनला आठ मैल. गाई खात नाहीत तेवढं तो एकटा पितो."

"त्याच्यावर घसरू नकोस," डेलमर म्हणाला.

मार्ला वाईट नव्हती. तिला रात्री फोन वाजला की धस्स व्हायचं, एवढंच. शेवटी तिनेच तोडगा काढला. ऑक्टोबरात वासरं ट्रकमध्ये भरून विकायला पाठवायच्या दिवशी ती रजा काढून येईल. कुणालाही घोड्यावर न बसवता डेलमरने गाई आत आणून दाखवायच्या. आणल्या तर घराचा विषय बंद. नाहीतर वासरांबरोबर गाईंनाही ट्रकमध्ये चढवायचं.

"कबूल," डेलमर म्हणाला.

आर्लिस सिंकपाशी एकच ताटली पुन्हा पुन्हा पुसत उभी होती. तिला कार्नीला जायचं नव्हतं. फोटोतल्या स्वयंपाकघराला खिडकी होती, पण खिडकीसमोर दुसऱ्या कुणाची तरी भिंत होती. पण हे तिने बोलून दाखवलं नाही. तिने तोंड उघडलं असतं तर बापलेकीचं भांडण तिच्या अंगावर आलं असतं, आणि दोघांनाही ती पुरेपूर ओळखून होती.

गाईंची डेलमरला काडीची काळजी नव्हती. त्याच्या डोक्यात जाऊन बसले ते आठ मैल.

जूनमध्ये त्याने ब्रोकन बो गावातल्या भंगारवाल्याकडे एक पाव वाटायची गाडी हेरली. गाडीचा पार खुळखुळा झाला होता, पण आत चार सिलिंडरचं डिझेल इंजिन शाबूत होतं. शेजारी वेंडेल प्रोकोपकडे इंजिन उचलायची साखळी होती आणि वायफळ बोलायला भरपूर वेळ होता. दोघांनी मिळून शेडमध्ये पिकअपचं पोट फाडलं.

"पाववाल्याचं इंजिन," वेंडेल रोज म्हणायचा. "अरे, गाडी गुरांची आहे. उद्या गाई दूध द्यायच्या ऐवजी बटर मागतील."

"तू पाना दे."

"कितीचा?"

"मगाशी दिलास तो सोडून दुसरा कुठलाही."

सुरुवातीला डेलमर शेडपर्यंत वॉकर ढकलत जायचा. मग काठी आली. डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामाच्या कागदाला त्याने हात लावला नव्हता, पण आता दिवसातून कितीदा तरी तो पिकअपखाली सरपटत जायचा, बाहेर यायचा, शिव्या देत उठून उभा राहायचा. ऑगस्टमध्ये एक दिवस आर्लिस काठी शोधायला शेडमध्ये गेली. काठीने बॉनेट उघडं तोलून धरलं होतं आणि डेलमर दोन्ही पायांवर उभा राहून वेंडेलशी भांडत होता. आर्लिस काही न बोलता परत फिरली आणि दारामागे थांबून थोडीशी रडली. आनंदाने.

जुनं इंजिन मात्र डेलमरने फेकलं नाही. लाकडी ओंडक्यांच्या चौकटीवर बसवून, पुढे रेडिएटर जोडून, तो भोक पडलेला सायलेन्सरही लावून ते शेडच्या कोपऱ्यात ठेवलं. दर रविवारी चर्चहून आल्यावर बॅटरी लावून तो ते सुरू करायचा. "पिस्टनच्या रिंगा गंजायला नकोत," असं म्हणायचा. इकडे स्वयंपाकघरात आर्लिसचा हात आपोआप बटाट्यांकडे जायचा. मग तिला स्वतःचाच राग यायचा. कोपरा अडतोय, लोणच्याच्या बरण्या ठेवायला जागा नाही, अशी कटकट करून शेवटी तिनेच इंजिन विकायची जाहिरात दिली. एका माणसाचा फोनही आला. वासरं गेली की रविवारी सांगते, असं तिने त्याला कळवलं होतं.

सप्टेंबर संपता संपता पिकअप रस्त्यावर आला. टकटक टकटक करत, शिवणयंत्राला सर्दी झाल्यासारखा. पण गॅलनला एकोणीस मैल. डेलमरने ही गोष्ट पेंडीच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर इतक्या वेळा सांगितली की लोक त्याला येताना पाहून कप उचलून निघू लागले. सरासरी खाली येऊ नये म्हणून तो पिकअप फक्त डांबरी रस्त्यावरून चालवायचा. कुरणात अजिबात नेला नाही. वाळूत चाकं रुतली की तेल उगाच जातं. पवनचक्क्या आणि पाण्याच्या टाक्या बघायला आर्लिसच आपल्या छोट्या गाडीतून जायची.

घरी मात्र पंचाईत झाली. पाववाल्याचं इंजिन शेवटची टेकडी ओलांडून अंगणात आलं तरी आत कळायचं नाही. दार वाजलं की आर्लिस दचकायची आणि बटाटे कच्चे असायचे.

"मायलेज बघ," डेलमर काट्याने बटाटा टोचत म्हणायचा.

"बटाट्याचं मायलेज शून्य आहे," आर्लिस म्हणायची. "खा मुकाट्याने."

ठरलेल्या दिवशी सकाळी गवतावर दंव गोठलं होतं. वाड्याजवळ गुरं नेणारे दोन लांबलचक ट्रक येऊन उभे होते. चालक इंजिनं बंद करून कॉफी पीत होते. मदतीला शेजारी आले होते. वेंडेलने आपल्या ट्रेलरमध्ये खोगीर घातलेला घोडा आणला होता.

"हा कशाला?" डेलमरने विचारलं.

"हवा खायला आलाय. कुणी सांगितल्याशिवाय उतरणार नाही."

"मग त्याला हवाच खाऊ दे."

पिकअपमध्ये डेलमर, मधे मार्ला आणि दाराशी आर्लिस, असे तिघे बसले. मागे पेंड भरली होती. डेलमर शीळ घालत कुरणात शिरला. पहिल्या टेकडीवर पोचले तेव्हा खाली दूरच्या पवनचक्कीपाशी सगळा कळप वासरांसकट चरत होता. एडिथने मान वर केली आणि कान टवकारले.

"बघ आता," डेलमर मार्लाला म्हणाला.

एडिथने शेपटी उभी केली, गर्रकन वळली आणि पळत सुटली. तिच्यामागे सगळा कळप. धूळ खाली बसली तेव्हा पवनचक्की तेवढी जागेवर होती.

"थंडीने बिचकल्या असतील," डेलमर म्हणाला.

तो वळसा घालून पलीकडच्या अंगाने गेला. या वेळी तर गाईंनी पिकअप दिसायचीही वाट पाहिली नाही. टेकडीमागून टकटक ऐकू आली मात्र, कुरणाच्या पार त्या टोकाला, कुंपणाला चिकटून उभ्या राहिल्या. डेलमरने काच खाली करून हाका मारल्या. पेंडीची गोणी हलवली. एडिथ कुंपणापाशी अशी उभी राहिली, जणू पैसे मागायला आलेला नातेवाईक दारात असावा.



आर्लिसचे कान त्या टकटकीवर होते. हा आवाज तिने आधी कुठे तरी ऐकला होता. वर्षातून दोनदा, आपल्याच अंगणात.

"डेलमर," ती म्हणाली, "हा डॉक्टर टिल्डनच्या गाडीचा आवाज आहे."

टिल्डन म्हणजे गुरांचे डॉक्टर. वसंतात येऊन सुया टोचायचे आणि पानगळीत येऊन, कोपरापर्यंत हातमोजा चढवून, गाई गाभण आहेत की नाही ते मागच्या बाजूने तपासायचे. त्यांची गाडी डिझेलची होती.

"काहीतरीच काय. टिल्डनची गाडी निळी आहे."

"टेकडीपलीकडून एडिथला रंग कुठे दिसतोय? ती मागचं सगळं सांभाळून पळतेय."

मार्लाच्या तोंडून हसू निसटलं, पण बापाचा चेहरा पाहून तिने ते गिळलं. डेलमरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो समोर बघत होता. त्याला कळलं होतं. गाई त्याच्यामागे कधी आल्याच नव्हत्या. त्या यायच्या इंजिनाच्या आवाजामागे. आणि तो आवाज त्याने स्वतःच्या हातांनी, भर उन्हाळ्यात, अकरा मैलांसाठी काढून कोपऱ्यात ठेवला होता.

वाड्यापाशी परत आल्यावर तो सावकाश उतरला. ट्रकचे चालक घड्याळं बघत होते. तो वेंडेलजवळ गेला.

"घोडा उतरव," तो म्हणाला.

वेंडेलला दिवसभर पुरतील इतके टोमणे सुचले असणार. पण त्याने मान खाली घातली आणि ट्रेलरच्या कडीला हात घातला. आर्लिसला वाटलं, ही कडी निघाली की आपल्या खिडकीसमोर ती भिंत उभी राहिलीच.

"थांब, वेंडेल," ती म्हणाली. "शेडमधलं इंजिन सुरू होतं ना?"

"कुठलं?" डेलमरने विचारलं.

"जे विकून टाक म्हणून मी तुझ्या कानीकपाळी ओरडतेय ते. रविवारी सुरू झालं होतं. मी बटाटे टाकले होते."

डेलमर तिच्याकडे बघतच राहिला. मग तो शेडकडे निघाला, आणि खुबा बदललेला माणूस जितक्या वेगाने चालू शकतो त्याहून बराच वेगाने चालला.

ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरने इंजिन चौकटीसकट उचलून सपाट ट्रेलरवर ठेवलं. साखळ्यांनी आवळलं. शेजारी पेट्रोलचा डबा बांधला, बॅटरी ठेवली. ट्रेलर पिकअपला जोडला. फक्त इंजिनाचा वेग वाढवायची तार ओढायला कुणीतरी इंजिनाशेजारी बसायला हवं होतं. सगळ्यांनी वेंडेलकडे पाहिलं.

"मी का?" वेंडेल म्हणाला.

"काढायला साखळी कुणाची होती?" आर्लिसने विचारलं.

वेंडेल टोपी कानांवर ओढून ट्रेलरवर चढला.

आणि मग ते सुरू झालं. धाडधाड करत, खोकत, भोकातून निळा धूर सोडत, वाड्याच्या पत्र्यांना हादरवत. पाववाल्याची टकटक त्यात कुठल्या कुठे बुडाली. डेलमरने पिकअप कुरणात घातला. आपलंच जुनं काळीज मागे गाड्यावर घालून ओढत तो पिकअप टेकडी चढला. ट्रकचे चालक तो तमाशा बघायला टपावर चढले होते.

कुंपणापाशी एडिथने मान वर केली.

आर्लिसने श्वास रोखला. शेजारी मार्लानेही रोखला होता. ते आर्लिसला जाणवलं आणि फार बरं वाटलं.

एडिथ हंबरली. लांबलचक, तक्रार केल्यासारखी, इतके दिवस होतात कुठे असं विचारल्यासारखी. मग ती निघाली. आधी चालत, मग दुडक्या चालीने, पोट हलवत. तिच्यामागे दोन, मग दहा, मग सगळा कळप, आयांच्या बाजूने वासरं. डेलमरने हळूच पिकअप वळवला. गाई ट्रेलरमागे रांगेने चालू लागल्या. ट्रेलरवर वेंडेल तार ओढत, धुराने काळ्या झालेल्या तोंडाने बसला होता, आणि एडिथ मान लांब करून त्याच्या बुटांचा वास घेत होती.

"वेंडेल काहीतरी ओरडतोय," मार्ला म्हणाली.

"ओरडू दे," डेलमर म्हणाला. त्याचं सगळं लक्ष आरशातल्या एडिथकडे होतं.

अख्खा कळप वाड्यात शिरला. डेलमरने स्वतः उतरून फाटक लावलं आणि कडी घातल्यावरही कितीतरी वेळ हात तिच्यावर तसाच ठेवला. टपावरचा एक चालक खाली उतरला.

"काका, एक विचारू? हे मागचं इंजिन ट्रेलर ढकलतं का?"

"नाही," डेलमर म्हणाला. "ते बोलायचं काम करतं. पुढचं ओढायचं करतं."

वेंडेलचा घोडा ट्रेलरमधून नाक बाहेर काढून हवा खात होता.

वासरं वेगळी केली, चढवली, ट्रक धूळ उडवत गेले. मग सगळे स्वयंपाकघरात आले. वासरं पाठवायच्या दिवशी आर्लिसकडे चिली हा खिमा-राजम्याचा रस्सा आणि दालचिनीचे गोड रोल ठरलेले. रोल त्या तिखट रश्शात बुडवूनच खायचे, त्यात या भागात कुणाचं दुमत नाही. वेंडेलने तीनदा तोंड धुतलं तरी कानामागे काजळी होती, आणि अजून धड ऐकू येत नसल्यामुळे तो ओरडून बोलत होता.

"मायलेज किती पडलं आज?" त्याने विचारलं. "पुढच्याचं डिझेल, मागच्याचं पेट्रोल, आणि माझे कान."

टेबलावर हशा पिकला. डेलमर हसला नाही. त्याने चमचा खाली ठेवला.

"नाही परवडलं," तो म्हणाला. "मार्ला, खरं ते सांगतो. तुला दाखवायला म्हणून मी ते इंजिन बदललं. कुरण ज्याच्या जिवावर राखायचं तेच काढून ठेवलं. आज तुझ्या आईचं डोकं चाललं नसतं तर मी वेंडेलच्या घोड्यामागे उभा असतो. उन्हाळा फुकट गेला."

त्याला असं बोलताना त्या टेबलावर कुणी ऐकलं नव्हतं.

"परवडलं," आर्लिस म्हणाली. ती रोलचा ट्रे घेऊन उभी होती. "तुझी काठी कुठे आहे, डेलमर?"

"काठी?"

"डॉक्टरांनी दिलेली. वॉकर सुटल्यावर या खोलीतून त्या खोलीत जायला लागायची ती."

डेलमरने टेबलाखाली पाहिलं, दाराशी पाहिलं. त्याला खरंच आठवेना.

"शेडमध्ये आहे," आर्लिस म्हणाली. "बॉनेटखाली लावायला. व्यायामाचा कागद तू उघडूनही बघितला नाहीस. पाववाल्याच्या इंजिनाखाली शंभरदा झोपलास आणि उठलास. सकाळी शेडपर्यंत तू कसा गेलास ते मी पाहिलं. मार्लानेही पाहिलं. मला नको ते मायलेज. मला हेच हवं होतं."

ती एवढं बोलून थांबली, कारण पुढे बोलली असती तर रडली असती, आणि हातात ट्रे होता. डेलमरचे कान लाल झाले. वेंडेलने काय झालं म्हणून ओरडून विचारलं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. आर्लिसने ट्रे ठेवून उचलला. जाहिरात वाचलेला तो माणूस होता. रविवारपर्यंत त्याला दम निघाला नव्हता. इंजिन आहे ना, असं तो विचारत होता.

"आहे," आर्लिस म्हणाली. "पण विकायचं नाही. आमच्याकडे कामाला लागलंय."

तिने फोन ठेवला. मार्ला वाडग्यातला शेवटचा रश्शाचा थेंब रोलने पुसत होती. पुसून झाल्यावर तिने पर्समधून आपली छोटी डायरी काढली. डायरीत तळमजल्याच्या घराचे फोटो अजून होते. तिने ते काढून वाडग्याखाली ठेवले, टेबलावर डाग पडू नये म्हणून ठेवावे तसे.

"डॅड," ती म्हणाली, "पुढच्या वर्षीची वासरं पाठवायची तारीख मला आत्ताच सांगून ठेव. आमच्याकडे रजा खूप आधी टाकावी लागते."